गिफ्टचा कागद दुसऱ्यांदा वापरताना: नव्या संसारासाठी रीतभात

घर नवीन थाटलं की पहिल्या वर्षभरात दोन गोष्टी भरमसाट जमतात: प्लास्टिकचे डबे आणि गिफ्टचे कागद. डब्यांचं काय करायचं ते सगळ्यांना कळतं. कागदांपाशी गाडी अडते. टाकवत नाहीत, आणि त्यातच गुंडाळून दुसऱ्याला काही द्यायचं तर ‘काय म्हणतील’ ही धास्ती. आधीच्या पिढीला हा प्रश्नच नव्हता. गादीखाली कागदांची चळत असायची आणि बारशापासून साठीशांतीपर्यंतचं सगळं त्यातून भागायचं. आता कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत नवा कागद सहज मिळतो, म्हणून जुना वापरताना उगाच चोरटं वाटतं.

खरं तर कागद जुना असण्याला कुणाची हरकत नसते. हरकत असते ती आधीच्या माणसाच्या खुणांना. त्याचं नाव, त्याची चिकटपट्टी, त्याच्या वस्तूच्या घड्या. त्या पुसल्या की कागद तुमचा झाला. पुढे जे सांगतेय ते सगळं यातूनच निघतं.

आलेली भेटवस्तूच पुढे ढकलणं हा निराळा विषय आहे. तो इथे घेत नाही. त्यावर घराघरांत भांडणं झालेली आहेत.

आणि ज्यांना जुना कागद म्हणजे कमीपणा वाटतो त्यांच्यासाठी एक गोष्ट. हा रंगीबेरंगी, छापील कागद आला तोच मुळी दुसऱ्याच कामासाठी बनवलेल्या कागदातून. १९१७ साली अमेरिकेत कॅन्सस सिटीमधल्या हॉल बंधूंच्या दुकानात नाताळच्या गर्दीत साधा टिश्यू कागद संपला. तेव्हा त्यांनी पाकिटांना आतून अस्तर लावायचे फ्रान्सहून आलेले नक्षीदार कागद काउंटरवर ठेवले आणि ते हातोहात खपले. पुढे याच दुकानाची हॉलमार्क कंपनी झाली.

पहिलं काम: उघडणं

देणाऱ्यासमोर भेट उघडायची नाही, ही आपली जुनी पद्धत. कागद वाचवायला ती फार सोयीची. पाहुणे गेले, घर जरा शांत झालं, की जमिनीवर सतरंजी टाकून बसा. जवळ कात्री किंवा पेपर कटर, आणि आहेराची वही. वही आधी उघडायची, गिफ्ट नंतर. कुणी काय दिलं ते लिहून होईपर्यंत वरची चिठ्ठी सोडवायची नाही. चिठ्ठ्या एकदा निसटल्या की दोन घड्याळं आणि तीन लेमन सेट समोर मांडून ‘हे कुणाचं गं?’ करत सगळं घर बसतं, आणि शेवटी चुकीच्या आत्याला आभाराचा फोन जातो.

मुलांच्या वाढदिवसाला हे काही लावू नका. पाच वर्षांच्या पोराला ‘हळू, कागद फाटेल’ म्हणणाऱ्या मावशीची नक्कल ते पोर पुढे पंधरा वर्षं करतं. फाडू द्या. मोठे तुकडे उरले तर उचला.

परदेशात, किंवा आपल्याकडेही ऑफिसमध्ये, लोक ‘उघड ना आत्ताच’ म्हणतात. तेव्हा उघडावं. कागद आवडला असेल तर सावकाश सोडवावा आणि ‘कागद पण सुंदर आहे, ठेवते हं’ असं सरळ म्हणावं. देणाऱ्याला बरंच वाटतं. मान खाली घालून तीन मिनिटं एकाच चिकटपट्टीशी झटापट करू नये. तेवढ्यात सगळ्यांचा चहा निवतो.

आता चिकटपट्टी. ती ओढायची नाही. ओढली की कागदावरची छपाई तिच्याबरोबर निघून येते आणि पांढरा ओरखडा राहतो. कागदाचे दोन थर एकावर एक येतात तिथल्या फटीत कटरचं टोक हलकेच सरकवा आणि पट्टी त्या सांध्यावरून चिरत न्या. पट्टीचा अर्धा भाग वरच्या थरावर राहतो, अर्धा खालच्या, आणि कागद आपोआप मोकळा होतो. मग तो पालथा पसरून वरच्या थराची पट्टी लागलेली कड अर्धा इंच सरळ कापून टाका. अर्धा इंच गेला तरी काही बिघडत नाही. बाजूच्या त्रिकोणी घड्यांवरची पट्टी मात्र कागदाच्या ऐन मध्यावर येते. तिथे हेअर ड्रायरची गरम हवा थोडा वेळ धरा. डिंक सैल होतो आणि पट्टी कागदाला जवळजवळ समांतर ठेवून मागे ओढली की बऱ्याचदा निघते. नाही निघाली तर राहू द्या, त्यावर काय झाकायचं ते पुढे येतंच.

पारदर्शक चिकटपट्टी बाजारात आली १९३० मध्ये. त्याआधी पुडकी बांधायला दोरा आणि लाख. दोऱ्यानं बांधलेला कागद सोडला की जसाच्या तसा हाती येतो, म्हणून स्वतः गुंडाळताना शक्य तिथे दोरा वापरा. पट्टीच लावायची तर बोटाच्या पेराएवढे तीन तुकडे पुरतात. काही लोक गिफ्टला चारी बाजूंनी पट्टीचं चिलखत चढवतात. ते कागदाला मारक आणि उघडणाऱ्याच्या नखांनाही.

काय ठेवायचं, काय सोडायचं

कागदाचा एक कोपरा मुठीत घट्ट चुरगाळा आणि सोडा. चुरगळलेलाच राहिला तर तो कागद. आपोआप उलगडला तर त्यात प्लास्टिक आहे. गंमत अशी की दुसऱ्यांदा वापरायला हा प्लास्टिकचा प्रकारच टिकाऊ. घड्या धरत नाही, फाटत नाही, दमट हवेत मऊ पडत नाही. पण त्याचं आयुष्य संपलं की त्याला कुणी वाली नाही, रद्दीवाला तर हातही लावत नाही. म्हणून घरात आलेला असला तर पार विटेपर्यंत वापरा, नवीन विकत आणू नका.

चमकी लावलेला कागद ठेवू नका. चमकी कपाटातल्या साड्यांवर उतरते आणि पुढच्या दसऱ्यापर्यंत सापडत राहते. बारशाच्या भेटीला तर असला कागद अजिबात नको, बाळाच्या हाताला लागून तोंडात जाते. जिलेटीन पेपरला एकदा सुरकुती पडली की त्या पांढऱ्या रेघा जात नाहीत, तोही सोडा. मिठाईच्या खोक्यांवर आणि लग्नपत्रिकांवर गुंडाळायच्या प्लास्टिकच्या पातळ आवरणावर तर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदीच आहे, त्यामुळे ते घरी दिसलंच तर कौतुकानं जपायचं कारण नाही.

सॅटिनच्या रिबिनी, कापडी फुलं, जरीच्या फिती, छोटे ऑर्गन्झाचे बटवे हे सगळं ठेवा. कागदापेक्षा यांचंच मोल जास्त.

खुणा पुसणं

इथे घाई करणारे पकडले जातात.

नावाची चिठ्ठी सगळेच काढतात. राहून जातात त्या बाकीच्या गोष्टी. दुकानाचा छोटा गोल स्टिकर, बहुधा खालच्या बाजूला. किमतीच्या लेबलचा चिकट चौकोन. चिठ्ठी न लावता कुणी कागदावरच बॉलपेननं दाबून नाव लिहिलेलं असेल तर त्याचा उठाव, जो सरळ बघताना दिसत नाही पण दिव्याखाली तिरका धरला की ‘सौ. व श्री.’ लख्ख वाचता येतं. लग्नामुंजीतल्या आहेराला हळदकुंकू लावलेलं असतं, त्याची पिवळी-लाल बोटं कागदाच्या कोपऱ्यावर उमटलेली असतात. ती शुभ असतील, पण दुसऱ्याच्या आहेरावर ती आधीच लागलेली असणं बरं दिसत नाही. कोपरा कापा. कागद झटका. घड्यांमध्ये अक्षता अडकतात आणि वाढदिवसाच्या भेटीतून लाल तांदूळ सांडले की सांगायला काही उरत नाही.

वासही तपासा. डांबरगोळ्यांच्या ट्रंकेत वर्षभर पडलेला कागद उघडणाऱ्याच्या नाकाला सगळा इतिहास सांगतो. असा कागद वापरायच्या आदल्या दिवशी दोरीवर टांगून ठेवा.

एक खूण मात्र तुम्ही स्वतः करायची. कागद ठेवताना पाठीमागे कोपऱ्यात शिसपेन्सिलीनं बारीक लिहा: ‘मामी, ठाणे’ किंवा ‘ऑफिस’. ब्लाऊज पीसच्या कोपऱ्यावर अशी नोंद करणाऱ्या बायका तुम्हालाही माहीत असतील, नाहीतर तो गावभर फिरून देणारीच्याच ओटीत पडतो. कागदाचंही तसंच. ज्या घरातून आला त्या घरी तो परत जाऊ नये, आणि ज्या समारंभात आला त्याच मंडळींच्या पुढच्या समारंभातही दिसू नये. सोपा हिशेब असा: बिल्डिंगमधला कागद ऑफिसात, ऑफिसातला माहेरी, माहेरचा बिल्डिंगमध्ये. वापरायच्या वेळी पेन्सिलीचं लिखाण खोडायला विसरू नका.

ठेवणं

घडी घालू नका, गुंडाळी करा. पेपर टॉवेलच्या किंवा फॉइलच्या पुठ्ठ्याच्या नळीवर सगळे कागद एकावर एक गुंडाळून जुन्या ओढणीच्या पट्टीनं सैल बांधा. रबरबँड कागदात रुततो आणि उन्हाळ्यात वितळून चिकटतो. कोकणात, मुंबईत पावसाळ्याआधी गुंडाळी एकदा उन्हात फिरवून घ्या. कसर लागू नये म्हणून कडुलिंबाचा वाळका पाला किंवा चार लवंगा.

मोजून कापणं आणि गुंडाळणं

नवा कागद बहुधा ५० बाय ७० सेंटिमीटरचा असतो. कडा कापून तो थोडा आक्रसतो, म्हणून जुन्या कागदाला मोजमाप लागतंच. अंदाजानं गुंडाळायला घेतलं की शेवटी दोन बोटं खोकं उघडं पडतं.

समजा साडीचं खोकं ३० सेंटिमीटर लांब, २० रुंद आणि ६ उंच आहे. खोक्याभोवती एक वेढा म्हणजे २० आणि ६ची बेरीज २६, तिची दुप्पट ५२. एकावर एक यायला ३ धरा. झाले ५५. दुसऱ्या बाजूला लांबी ३०, आणि दोन्ही टोकांना उंचीच्या पाऊणपट, म्हणजे साडेचार-साडेचार. झाले ३९. म्हणजे ५५ बाय ३९चा तुकडा हवा. पूर्ण कागदातून तो निघतो आणि वर दोन पट्ट्याही उरतात. त्या जपा.

कागदाला जुन्या घड्या असतील तर इस्त्री चालते. कागद पालथा घालायचा, वर पातळ सुती रुमाल, इस्त्री सगळ्यात कमी गरम, पाणी अजिबात नाही. मुठीच्या परीक्षेत उलगडलेला, म्हणजे प्लास्टिकचा कागद इस्त्रीखाली घालू नका. कागद जातोच, इस्त्रीही जाते. इस्त्रीनंही जी रेघ जात नाही ती खोक्याच्या कडेवर येईल असा कागद फिरवून बसवा. कडेला घडी असणारच, तिथे ती कुणाला दिसत नाही.

आणि मध्यावरचा ओरखडा, राहून गेलेली पट्टी, दोन तुकड्यांचा सांधा? त्यावर पट्टा. मघाशी उरलेल्या पट्ट्या, किंवा दुसऱ्याच रंगाचा कागद, चार बोटं रुंद कापून खोक्याच्या कमरेभोवती गुंडाळायचा, साडीच्या काठासारखा. मग तो डाग झाकायला लावलाय असं कुणालाही वाटत नाही. उलट बघणारी विचारते, कुठून बांधून आणलंस? पट्टा मुख्य कागदाच्या अगदी जवळच्या रंगाचा घेऊ नका, चुकल्यासारखं दिसतं. हिरव्यावर जांभळा, खाकीवर लाल, असा ठणठणीत फरक हवा.

छपाईच विटली असेल तर कागद उलटा करा. पांढऱ्या बाजूवर मुलांना भेंडीचे ठसे मारायला बसवा. शाळेत आपण सगळ्यांनी केलंय ते. भेंडी देठाकडून बोटभर कापायची, पोस्टर कलर बशीत पातळ पसरायचा आणि कागदावर मोकळी मोकळी फुलं उठवायची. आजी-आजोबांच्या भेटीला यापेक्षा भारी कागद दुकानात मिळत नाही. व्याह्यांकडे तो नेऊ नये एवढंच.

कुठला कागद कुठे

कागदावर ‘हॅपी बर्थडे’ लिहिलेलं असेल तर तो वाढदिवसालाच. हे सांगायला लागू नये, पण लग्नाच्या टेबलावर फुगे आणि केक छापलेली गिफ्टं दरवर्षी दिसतात. हृदयांचा कागद नवरा-बायकोच्या आपापसातल्या भेटीसाठी राखून ठेवा, सत्यनारायणाला नको.

काळा कागद आपल्याकडे शुभकार्याला चालत नाही. संक्रांतीचं बोरनहाण आणि हळदीकुंकू हाच काय तो अपवाद. त्या दिवसांत काळी साडी मिरवतात, तर काळ्या कागदावर हलव्याच्या रंगाची पांढरी रिबिन शोभूनच दिसते. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकवाची वाणं जमतात आणि त्याबरोबर छोट्या पिशव्या, बटवे, डब्या यांचा ढीग. हा ढीग त्याच मोसमात त्याच बायकांत फिरवू नका. डोहाळजेवणाला हिरवा कागद साठवून ठेवलेला बरा, ऐन वेळी दुकानात हवा तो हिरवा कधीच नसतो.

देवांची चित्रं हा नाजूक भाग. गणपती छापलेला कागद किंवा पत्रिकेवरचा गणपती अनेक घरांत टाकत नाहीत. मग तो वापरायचा कसा? चित्र अख्खं कापून खोक्याच्या वरच्या बाजूला, मध्यावर लावा. कडेवर दुमडला जाईल, चिकटपट्टीखाली येईल किंवा उघडताना फाटेल असं लावू नका. तुम्ही स्वतः कितीही मोकळ्या विचारांचे असा, उघडणाऱ्याच्या घरी कात्री चालवताना कुणाचा तरी हात थबकतो. त्याला त्या अडचणीत टाकायचं नाही.

वर्तमानपत्रात गुंडाळायची आता फॅशन आहे, आणि ती मला आवडते. पण पान उलटून पाहा. निधनवार्तांचं पान बारशाला गेलेलं ऐकिवात आहे. त्यापेक्षा जुन्या कॅलेंडरची पानं कितीतरी चांगली. कागद जाड, पाठीमागे पाककृती आणि लेख, मोठ्ठे आकडे. भेट ज्याला द्यायची त्याच्या वाढदिवसाचा महिना मिळाला तर तोच बाहेर ठेवा. त्या तारखेच्या चौकोनात दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला नसेल तर.

पाकिटं

आहेराच्या पाकिटांचं शास्त्र वेगळंच, आणि नवखे सगळ्यात जास्त इथेच फसतात.

आलेलं पाकीट रिकामं झालं असं वाटलं की उजेडासमोर धरा. नवी कोरी नोट आतल्या बाजूला चिकटून बसते. मग पाठीमागे पाहा. आहेर मोजताना घरातलं कुणीतरी पाकिटावर बॉलपेननं आकडा टाकतं, ५०१ किंवा १००१, आणि वहीत नोंद झाली की विसरतं. तेच पाकीट तुम्ही २५१ घालून पुढे दिलंत की घेणाऱ्या घरात जो गोंधळ उडतो तो तुमच्या कानावर कधीच येत नाही. तुमच्या नावापुढे मात्र चिकटून राहतो. नाव किंवा आकडा पेननं लिहिलेलं पाकीट सरळ पुढे देऊ नका. त्यावर कागद चिकटवून झाकू नका, तेही दिसतं. पाकिटाचे सांधे वाफेवर सोडवून ते उलटं करून परत चिकटवता येतं. आतली कोरी बाजू बाहेर येते, त्यावर जुन्या पत्रिकेतला मोर किंवा कोयरी कापून लावली की झालं. एवढा खटाटोप नको असेल तर ते पाकीट घरातच ठेवा, मोलकरणीचा पगार, पेपरवाल्याचे पैसे, भिशी यांसाठी.

वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेली पाकिटं येतात. त्यातलं नाणं तसंच ठेवून पाकीट पुढे जाऊ शकतं, पण मग आत पाचशेच घालायचे. आत पाचशे एक आणि वर एक, झाले पाचशे दोन. एकच्या आकड्याची सगळी शोभाच गेली. उलटही होतं. नाणं गळून पडलेलं असतं, गोल डिंकाचा डाग राहिलेला असतो, आणि आत नुसते पाचशे. पाकीट हातात घेतल्या घेतल्या नाण्यावरून अंगठा फिरवायची सवय लावून घ्या.

आपण देताना नाव पाकिटावर न लिहिता छोट्या चिठ्ठीवर लिहून ती नोटेबरोबर आत सरकवली, तर पुढच्याला पाकीट पुन्हा वापरता येतं. नोटेला पिन मात्र मारू नका. मोठ्या लग्नात जिथे शंभर पाकिटं एका पिशवीत जातात, तिथे मी तरी नाव वरच लिहीन. चिठ्ठी हरवून आहेर बेवारस होण्यापेक्षा एक पाकीट गेलेलं परवडलं.

खोकी, पिशव्या आणि ताटं

खोक्यावर जे लिहिलंय ते आत असावं, किंवा खोक्यावर काहीच लिहिलेलं नसावं. पैठणीच्या दुकानाच्या खोक्यातून बेडशीट निघाली की समोरच्या बाईच्या चेहऱ्यावर जे क्षणभर उमटतं ते बघवत नाही. बेडशीट चांगली असली तरी ती हरलीच. मोबाइलच्या, दागिन्यांच्या, घड्याळाच्या खोक्यांचंही तेच. वापरायचंच असेल तर खोकं सगळ्या बाजूंनी कागदानं मढवा, झाकण वेगळं आणि तळ वेगळा. मग ते नवंच होतं.

मिठाईच्या खोक्यात तूप उतरलेलं असतं. त्यात कपडा ठेवू नये. घरी केलेल्या चिवड्या-चकल्यांना, आत स्वच्छ बटर पेपर घालून, चालतं. तेही जवळच्या घरी.

दोऱ्यांच्या कागदी पिशव्या पुन्हा द्यायला सगळ्यात सोप्या, फक्त तळ तपासा. आतलं बिल काढा. एका गृहप्रवेशाला अशाच पिशवीच्या तळाशी देणाऱ्याच्या आधीच्या खरेदीचं बिल निघालं होतं, ते यजमानीणबाईंनी गुपचूप पदराखाली घेतलं. पिशवीवर दुकानाचं नाव असेल तर ती डबा पोचवायला, पुस्तकं द्यायला ठेवा, समारंभाला नको.

रुखवताची आणि आहेराची सजवलेली ताटं बहिणी-बहिणींत, जावा-जावांत फिरतात, आणि फिरावीत. एका लग्नासाठी मखमल लावलेली अकरा ताटं कुणी नवी करत बसू नये. फक्त ती मांडवातून परत कुणाकडे जाणार हे आधी ठरवा आणि प्रत्येक ताटाच्या पाठीमागे नाव लिहा. मुलाकडच्यांनी ती ठेवून घेतली आणि मुलीकडच्यांना मागायची लाज वाटली, हा प्रकार नेहमीचा. साखरपुड्याचा सजवलेला पुडा मात्र मी दुसऱ्या कुणाच्या साखरपुड्याला देणार नाही. तो ज्यांचा आहे त्यांचाच. साखर खाऊन संपवावी, पुडा त्यांच्या काचेच्या कपाटात राहू द्यावा.

कुणाकडे चालतं

सख्ख्या मंडळींत सगळं चालतं. बहीण तर पट्टी न काढता दिलेला कागदही चालवून घेते, वर ‘हा माझाच ना गं?’ म्हणून हसते. मैत्रिणी, शेजारी, ऑफिसातले बरोबरीचे यांच्यात नीट गुंडाळलेला जुना कागद अगदी रास्त.

नवी सोयरीक असेल तर पहिली एक-दोन वर्षं नवा कागद आणा. विहीणबाई कितीही साध्या असोत, त्यांच्याबरोबर गिफ्ट उघडायला त्यांच्या दोन नणंदा बसलेल्या असतात. ज्या घरी अलीकडे काही वाईट घडलंय तिथेही जुना, भडक कागद नेऊ नका. वस्तू साध्या कापडी पिशवीतून द्या. आणि जो आपल्यापेक्षा अडचणीत आहे त्याला देताना कागद नवाच असावा. घरकामाला येणाऱ्या बाईंना दिवाळीची साडी जुन्या कागदात आणि साहेबांच्या बायकोला तीच नव्या कागदात, हे त्यांना दिसतं.

कुणी ओळखलंच तर? ‘काकू, हा तुमचाच कागद का हो? मला इतका आवडला होता की टाकवेना’ असं म्हणून मोकळं व्हा. खोटं बोलून ‘छे, कालच आणला’ म्हणू नका. काकूंनी तो कागद स्वतः कापलेला असतो. आणि तुमचा कागद तुमच्याकडे परत आला तर ओळख दाखवू नका. समारंभात तर नाहीच. घरी गेल्यावर हसा, पुन्हा जपून ठेवा.

कागदच नको असेल तर

खणाचा तुकडा, मोठा रुमाल, जुन्या साडीचा पदर यांत वस्तू बांधून देता येते. चौकोनी कापड तिरकं पसरायचं, वस्तू मध्यावर ठेवायची, समोरासमोरची दोन टोकं तिच्यावर दुमडायची आणि उरलेली दोन वर आणून गाठ मारायची. जपानमध्ये याला फुरोशिकी म्हणतात. तिथल्या तेव्हाच्या पर्यावरणमंत्री युरिको कोइके यांनी २००६ मध्ये पुनर्वापराच्या धाग्यातून बनवलेली फुरोशिकी लोकांपुढे आणून तिचा प्रचारही केला होता. आपल्याकडे गाठोड्याला कुणी शिकवणी लावायची गरज नाही, फक्त कापड इस्त्रीचं घ्या आणि काठ गाठीपाशी दिसेल असं बघा.

कापडाचा प्रश्न वेगळा: ते कुणाचं? जपानी रिवाजात देणारा पुष्कळदा कापड सोडून वस्तू हातात देतो आणि कापड घरी नेतो. आपल्याकडे बांधलेलं गाठोडं तसंच हातात जातं आणि घेणारा गोंधळतो, परत द्यायचं की काय. म्हणून देतानाच सांगा. खण असेल तर ‘याचा ब्लाऊज शिवा’, रुमाल असेल तर ‘हा तुमच्याकडेच राहू दे’. डबा किंवा परडी परत हवी असेल तर तेही हसत सांगा. आणि डबा परत करण्याची वेळ तुमच्यावर आली तर तो रिकामा पाठवायचा नसतो. दुसरं काही सुचलं नाही तर मूठभर साखर घालायची.

दिवाळीच्या आवराआवरीत एकदा नळीवरची गुंडाळी उघडून पाहा. ज्या कागदांतून आता एक पुस्तकही गुंडाळलं जाणार नाही ते वेगळे काढा. त्यांच्या पताका होतात, काचेच्या भांड्यांमध्ये घालायला होतात, मुलांच्या वह्यांची लेबलं होतात. जे मुठीत उलगडतात आणि ज्यांवर चमकी आहे ते तेवढे सुक्या कचऱ्यात द्या, ओल्यात मिसळू नका. उरलेले परत गुंडाळा, आणि पाठीमागचं पेन्सिलीचं लिखाण पुसट झालं असेल तर पुन्हा गिरवून ठेवा.